रूहचा पुरावा : ‘नेव्हर लेट मी गो’ वाचताना

काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही इंग्रजी कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. पारितोषिक जॉन बॅनव्हिल यांच्या ‘द सी’ला मिळाले. २०१० मध्ये मार्क रोमानेक यांनी तिच्यावर चित्रपट काढला. २०१७ मध्ये इशिगुरोंना साहित्याचे नोबेल मिळाले. एवढे सगळे झाल्यावर या कादंबरीची नव्याने ओळख करून देण्याचे खरे तर कारण नाही. तरीही मला तिच्याविषयी लिहावेसे वाटते, आणि ते या अंकाच्या वाचकांसाठीच लिहावेसे वाटते. कारण या कादंबरीच्या मध्यभागी एक प्रश्न आहे आणि तो मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाच्या फार ओळखीचा आहे.

कथानक सांगायला हरकत नाही. ही रहस्यकथा नव्हे. काळ विसाव्या शतकाच्या अखेरचा, स्थळ इंग्लंड. मात्र हे इंग्लंड आपल्याला ठाऊक असलेल्या इंग्लंडपेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या विज्ञानाने माणसाची प्रतिकृती तयार करण्याची विद्या साधली आणि त्या प्रतिकृतींचे अवयव काढून इतरांचे असाध्य आजार बरे होऊ लागले. कॅथी, रूथ आणि टॉमी ही अशीच तीन मुले. हेलशम नावाच्या निवासी शाळेत ती वाढतात, खेळतात, रुसतात, चित्रे काढतात. मोठी झाली की काही वर्षे ‘केअरर’ म्हणून काम करायचे, म्हणजे अवयव काढलेल्या आपल्याच सोबत्यांची देखभाल करायची, आणि मग स्वतः ‘डोनर’ व्हायचे. तिसऱ्या, फार तर चौथ्या शस्त्रक्रियेनंतर आयुष्य संपते. ३१ वर्षांची कॅथी हे सगळे आपल्याला सांगते. तिच्या आवाजात तक्रार नाही, आणि वाचकाला खरा त्रास या तक्रार नसण्याचाच होतो.

डॉली नावाची मेंढी स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेत १९९६ साली जन्मली. तिच्या बातमीने जगभर खळबळ माजली होती, हे अनेकांना आठवत असेल. पण विज्ञानाच्या कुतूहलाने ही कादंबरी उघडणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. एकही प्रयोगशाळा यात दिसत नाही, एकही शस्त्रक्रिया वर्णिलेली नाही. हक्सले (१९३२), ऑर्वेल (१९४९), अ‍ॅटवुड (१९८५) यांच्या भयनगरींत निदान सत्ता नावाची एक गोष्ट असते, तिचा चेहरा असतो, हेर असतात, शिक्षा असते. इथे तेही नाही. कॅथी स्वतःच्या मोटारीतून इंग्लंडभर एकटी फिरते. तिला कोणी अडवत नाही, कारण तिला अडवण्याची वेळच येत नाही. (जाता जाता एक नोंद. बरोबर १०० वर्षे आधी, १९०५ साली, बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिले. एका मुस्लिम बाईने पाहिलेले ते सुखनगरीचे स्वप्न होते आणि त्यातही विज्ञान होते, पण ते बायकांच्या सुटकेसाठी राबत होते. शंभर वर्षांत विज्ञानाकडून ठेवलेली अपेक्षा कुठून कुठे आली, हे पाहण्यासाठी ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत.)

सगळ्यात आधी या कादंबरीतले शब्द पाहावे लागतात. तिथे कोणाला मारले जात नाही. माणूस ‘पूर्ण’ होतो. अवयव काढून घेतले जात नाहीत. त्याला ‘डोनेशन’ म्हणतात. राखण करणारे शिक्षक ‘गार्डियन’ आहेत. आपल्या मराठीत तर डोनेशनसाठी ‘दान’ हा शब्द आहे आणि त्याच्यामागे पुण्याईचा मोठा वारसा आहे. आपण मुसलमान ‘सदका’ म्हणतो, ‘कुर्बानी’ म्हणतो. या सगळ्या शब्दांच्या मुळाशी देणाऱ्याची नीयत आहे. नीयतच नसेल तर सदका कसला? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूला दान म्हणणे हा भाषेचा गुन्हा आहे, आणि इशिगुरो तो गुन्हा अगदी हळुवारपणे उघडा करतात. कॅथी हे शब्द आपण ‘किराणा’ किंवा ‘रिक्षा’ म्हणतो तितक्या सहजपणे वापरते. शंभर पाने वाचून झाल्यावर आपणही ते तसेच वाचू लागतो, आणि मग एकदम दचकतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

हेलशममध्ये मुलांकडून चित्रे, कविता, मातीची कामे सतत करून घेतली जातात. वर्षातून चार वेळा त्यांचा आपसांत विनिमय होतो. अधूनमधून ‘मादाम’ नावाची एक बाई बाहेरून येते आणि सर्वांत चांगल्या वस्तू निवडून घेऊन जाते. त्या तिच्या ‘गॅलरी’त लागतात अशी मुलांची समजूत असते. आपले चित्र गॅलरीत गेले तर अभिमान वाटतो. टॉमीला चित्रे जमत नाहीत, म्हणून त्याची टर उडवली जाते. गॅलरी नेमकी कशासाठी, हे कोणी सांगत नाही. अनेक वर्षांनी कॅथी आणि टॉमी मादामचे घर शोधून काढतात, तेव्हा तिथे हेलशमच्या मुख्याध्यापिका मिस एमिली चाकांच्या खुर्चीत बसलेल्या असतात, आणि उत्तर मिळते. ती चित्रे मुलांना रूह आहे हे सिद्ध करण्यासाठी नेली जात होती. देशभर प्रदर्शने भरत होती, मंत्री येत होते, बिशप येत होते. पाहा, हीसुद्धा माणसेच आहेत, असे त्यांना दाखवले जात होते.

टॉमी आणि कॅथी चकित होतात. असे सिद्ध करावे लागते, हेच त्यांना ठाऊक नसते. आपल्याला रूह नसेल अशी शंका कोणाला यावी, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलेलाच नसतो.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवले. आपल्यापैकी ज्याने ज्याने मराठीत चार ओळी लिहिल्या आहेत, त्याने हे वाक्य ऐकलेले असते : ‘तुमचे मराठी किती शुद्ध आहे हो!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. मनापासून कौतुक असते. पण त्या कौतुकाच्या तळाशी एक आश्चर्य असते आणि आश्चर्याच्या तळाशी एक शंका. ज्याची आजी मराठीत ओव्या म्हणत जात्यावर दळत होती, त्याला अचानक कळते की तो परीक्षेला बसलेला आहे, आणि पासही झाला आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या व्यासपीठांवरून एक यादी वाचली जाते. योगसंग्रामकार शेख महंमदांपासून ती सुरू होते, शाहीर अमर शेखांपर्यंत येते आणि मग आजच्या नावांकडे वळते. यादी खरी आहे, तिचा अभिमानही रास्त आहे. परंतु ती आपण कोणाला वाचून दाखवतो? समोर तर आपलेच लोक बसलेले असतात. मग आपण जिला उद्देशून बोलतो ती मादाम सभागृहात कुठे बसली आहे?

मिस एमिली खलनायिका नाहीत, म्हणूनच त्या मला कादंबरीतले सर्वांत भयंकर पात्र वाटतात. त्यांनी मुलांसाठी खस्ता खाल्ल्या. इतर ठिकाणी प्रतिकृतींना जनावरांसारखे वाढवले जात असताना त्यांनी हेलशममध्ये मुलांना बालपण दिले. मात्र त्यांची सारी चळवळ या मुलांना अधिक चांगले वागवा एवढ्यापुरतीच होती. या मुलांचे अवयव काढू नका, असे त्यांनी कधी म्हटले नाही. सहृदयता आणि न्याय यांच्यात केवढे अंतर असते, ते या एका पात्रात दिसते. शेवटच्या भेटीत कॅथी आणि टॉमी आपल्या आयुष्याविषयी विचारत असतात आणि मिस एमिलींचे अर्धे लक्ष त्यांच्या एका कपाटाकडे असते. ते न्यायला माणसे येणार आहेत, ती नीट उचलतील ना, कुठे आपटणार तर नाहीत ना, याची त्यांना काळजी. इशिगुरोंनी यावर एका शब्दाचे भाष्य केलेले नाही.

याहून जिव्हारी लागणारा प्रसंग आधी येऊन गेलेला असतो. कॅथी आठ वर्षांची असताना मुलींना संशय येतो की मादाम आपल्याला घाबरते. खात्री करण्यासाठी त्या तिच्या जवळून घोळक्याने जातात. मादाम ओरडत नाही, रागावत नाही. ती जागच्या जागी थिजते आणि अंगावर शहारा आवरते, जसे कोणी कोळ्याला घाबरावे तसे. मुलींनी गंमत म्हणून केलेले असते, पण परतताना त्या गप्प असतात. आपल्याकडे पाहून कोणाच्या तरी अंगावर काटा येतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलेले असते. मादाम ही मुलांची हितचिंतक आहे, हे लक्षात ठेवून हा प्रसंग वाचावा. पुढे मिस एमिलीही कबूल करतात की मुलांविषयीची किळस त्यांना स्वतःलाही रोज दाबावी लागत होती. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर नाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही क्षणभर उमटते आणि लगेच पुसले जाते, ते ज्याने पाहिले आहे त्याला या शहाऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या चेहऱ्यावर द्वेष नसतो. द्वेष असता तर उत्तर देता आले असते.

रूहविषयी कुरआनची शिकवण सर्वांना ठाऊक आहे : रूह ही पालनकर्त्याच्या हुकुमातली बाब आहे आणि माणसाला तिचे ज्ञान फार थोडे दिलेले आहे. मग कोणाला रूह आहे आणि कोणाला नाही, याचा निवाडा करायला बसलेले हे मंत्री आणि बिशप कोणाच्या खुर्चीवर बसले आहेत? इशिगुरो धर्माच्या भाषेत बोलत नाहीत, पण माझ्यासारखा वाचक ही कादंबरी त्याच भाषेत वाचणार. पुरावा अपुरा पडला, हा तिथला अन्याय नाही. पुरावा मागितला गेला, हा तिथला अन्याय आहे. स्कॉटलंडमधल्या मॉर्निंगडेल नावाच्या शास्त्रज्ञाने श्रेष्ठ दर्जाची मुले निर्माण करण्याचा घाट घातला, त्याचा बोभाटा झाला, लोक घाबरले आणि हेलशमला मदत करणारे एकेक करून निघून गेले, असे मिस एमिली सांगतात. चित्रे तीच होती, मुले तीच होती, वारा बदलला. पुराव्यावर उभी असलेली माणुसकी वाऱ्यावरच उभी असते.

रूहच्या पुराव्याला जोडूनच प्रेमाचा पुरावा येतो. या मुलांमध्ये एक अफवा असते. दोघांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे हे सिद्ध करता आले तर अवयव काढणे तीन वर्षे पुढे ढकलले जाते. कॅथी आणि टॉमी मादामकडे जातात ते याचसाठी. हे वाचताना मला आपला कायदा आठवला. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, ते योग्यच झाले. नातेवाईक नसलेल्या जिवंत माणसाला अवयव द्यायचा असेल, तर तो प्रेमापोटी, जिव्हाळ्यापोटी देत असल्याची खात्री एका समितीपुढे पटवावी लागते. हेतू चांगला आहे. परंतु कर्जात बुडालेला एखादा मजूर चोरून किडनी विकतो, तेव्हा त्याला आधी त्या समितीपुढे अनोळखी माणसावरचे आपले प्रेम शाबीत करावे लागते. कादंबरीत जगण्यासाठी प्रेमाचा दाखला मागितला जातो आणि इथे किडनी देण्यासाठी. (अवयवदान जायज की नाजायज यावर आपल्या उलेमांत मतभेद आहेत. तो वेगळा विषय आहे. स्वखुशीच्या अवयवदानाला माझा विरोध नाही.)

आता सगळेच वाचक विचारतात तो प्रश्न. ही मुले पळून का जात नाहीत? भिंती नाहीत, पहारे नाहीत, गाडी हाताशी आहे. अनेकांना हा कादंबरीचा मोठा दोष वाटतो. मला तो वाटत नाही. पळून जायला आधी ‘तिकडे’ नावाची जागा मनात असावी लागते. या मुलांना सत्य एकदम सांगितले गेले नाही, लपवलेही गेले नाही. प्रत्येक वयात, त्या वयाला नीट कळणार नाही अशा रीतीने, थोडे थोडे कानावर घातले गेले. मिस ल्यूसी नावाच्या एकाच शिक्षिकेला हे सहन होत नाही. पावसात अडकलेल्या मुलांना ती एकदाच स्पष्टपणे सांगून टाकते की तुमचे भविष्य ठरलेले आहे. मुले म्हणतात, त्यात काय, हे तर आम्हाला ठाऊकच होते. मिस ल्यूसीला शाळा सोडावी लागते. आपल्या वस्त्यांतल्या हुशार मुलाला ‘आपल्याला कोण घेणार आहे?’ हे कोणी समोर बसवून शिकवलेले नसते. तरी बारावीपर्यंत ते त्याला पाठ झालेले असते. तो अर्जच करत नाही. मग बाहेरचा माणूस विचारतो, याने अर्ज का केला नाही?

याला सब्र म्हणू नये. सब्र म्हणजे संकटात हक्कावर टिकून राहणे. जुलूम गोड मानून घेण्याला आपल्या धर्मात सब्र म्हटलेले नाही, जरी आपल्या घराघरांत, विशेषतः मुलींना, तो शब्द त्याच अर्थाने ऐकवला जातो. कॅथी साबिर नाही, ती आज्ञाधारक आहे. इशिगुरोंच्या १९८९ च्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मधला बटलर स्टीव्हन्स असाच होता. चुकीच्या मालकाची निष्ठेने सेवा केल्याचा अभिमान बाळगणारा. कॅथीलाही अभिमान आहे. तिच्या देखभालीखालचे दाते शांत राहतात. ‘अस्वस्थ’ असा शेरा त्यांच्यावर फारसा बसत नाही. वाचकाला कॅथी आवडते, मलाही आवडते. पण तिची माया त्या यंत्रात घातलेल्या तेलासारखी आहे, हे नाकारता येत नाही. कादंबरीभर एकच माणूस खरा ओरडतो, तो टॉमी. मादामच्या घरून परतताना तो रात्री गाडी थांबवायला लावतो आणि अंधाऱ्या शेतात जाऊन किंचाळतो. लहानपणी चिडून थयथयाट करणारा म्हणून सगळे त्याला हसत. कॅथीला तिथे उमगते की आत कुठेतरी त्याला तेव्हाच सगळे ठाऊक असावे.

कादंबरीत उणिवा आहेत. मधला, कॉटेजमधल्या दिवसांचा भाग रेंगाळतो. रूथच्या मत्सराचे बारकावे इतक्या वेळा येतात की मी दोन प्रकरणे भराभर उलटली. मोठी उणीव दुसरी आहे. जी मुले हेलशममध्ये वाढली नाहीत, जनावरांसारखी वाढवली गेली, ती पुस्तकात जवळजवळ नाहीतच. आरंभी फक्त एक मरणासन्न दाता भेटतो. तो कॅथीकडून हेलशमच्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकतो, कारण त्याला त्या नुसत्या ऐकायच्या नसतात, आपलेच बालपण म्हणून आठवायच्या असतात. ते अर्धे-पाऊण पान सबंध कादंबरीतले सर्वांत करुण पान आहे, आणि लेखक तिथून निघून जातो. हेलशमवाल्यांविषयी इतरांच्या मनात असूया असते, हे कॅथी ओझरते सांगते. आपल्यातही हेलशम आहेत. चांगल्या शाळेत गेलेले, चांगल्या मराठीत लिहिणारे, अंकात छापून येणारे आपण हेलशमवाले आहोत. मालेगावच्या मागावर बारा तास उभा राहणारा माणूस आपल्या गोष्टीत दाता म्हणून येतो, तोही पहिल्या पाना-दोन पानांत.

टॉमीच्या चित्रांविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. शाळेत चित्रे न जमणारा टॉमी मोठेपणी वहीत छोटे छोटे काल्पनिक प्राणी काढू लागतो. यंत्रासारखे बारीक भाग असलेले आणि तरी नाजूक, जिवाला जपणारे प्राणी. कॅथी ती पहिल्यांदा पाहते तेव्हा हरखून जाते. गॅलरीचा उपयोग प्रेम तपासण्यासाठी होत असावा, असे टॉमीने मनाशी ताडलेले असते. उद्या दाखवायला आपल्याकडे काहीतरी हवे, हा हिशेब त्यामागे असतोच. तरी सुरुवातीला त्या प्राण्यांत त्याचा स्वतःचा आनंद असतो. काही वर्षांनी, मादामकडे जायचे ठरल्यावर, कॅथी त्याची नवी चित्रे पाहते. ती घोटून काढल्यासारखी, जुन्यांची नक्कल केल्यासारखी झालेली असतात. काय बिघडले हे तिला सांगता येत नाही. मला वाटते, ती चित्रे आता कोणालातरी पटवून देण्यासाठी काढलेली होती. आपल्या कथा-कवितांत सलोख्याचा जो एक ठरीव प्रसंग वारंवार येतो, तो हिंदू शेजारी, तो शिरखुर्मा, ती दिवाळीची करंजी, तो वाचताना मला टॉमीच्या या नंतरच्या चित्रांची आठवण होते. प्रसंग खोटा नसतो. आपण सगळेच तसे जगलो आहोत. फक्त तो घोटलेला असतो. याउलट हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) पाहावी. दलवाईंच्या विचारांशी ज्यांचे मुळीच पटत नाही त्यांनीही पाहावी. कोकणातल्या त्या गावातली मुसलमान माणसे कोणाच्याही गॅलरीत लावण्यासारखी नाहीत. ती हट्टी आहेत, वासनेने पेटलेली आहेत, चुका करतात. त्यांना रूह आहे की नाही असा प्रश्न वाचकाला पडत नाही, कारण लेखकाने तो उपस्थित होऊच दिलेला नाही.

चित्रपटाविषयी थोडे. कॅरी मुलिगनचे काम उत्तम आहे. पण दिग्दर्शकाने मुलांच्या मनगटांवर हजेरी नोंदवणारे पट्टे घातले. प्रेक्षक ‘पळून का जात नाहीत’ असे विचारतील ही भीती त्यामागे असावी. पट्टा आला की बंधन बाहेरचे होते आणि कादंबरीचा गाभाच जातो. शेवटी कॅथीच्या तोंडी एक निवेदनही घातले आहे. ज्यांचे प्राण आम्ही वाचवले त्यांचे आयुष्य तरी आमच्यापेक्षा किती वेगळे, अशा आशयाचे. कादंबरीत हे नाही. तिथे टॉमी गेल्यानंतर कॅथी नॉरफोकला एका शेताच्या कडेला थांबते. तारेच्या कुंपणाला वाऱ्याने उडत आलेल्या फाटक्या पिशव्या अडकलेल्या असतात. लहानपणापासून हरवलेले सारे इथे येऊन पडले असेल आणि थोडे थांबले तर लांबून टॉमी येताना दिसेल, एवढी कल्पना ती स्वतःला करू देते. त्यापुढे जाऊ देत नाही. ती रडून कोसळत नाही. थोडा वेळ थांबते आणि मग गाडीत बसून, जिथे तिने असायला हवे असे ठरलेले आहे, तिकडे निघून जाते.